खळग्यातला मका

"ह्या घरात येक वस्तू जाग्यावर ऱ्हाईल तर शप्पत! वहाण कुणी घेतली, कुटं टाकली, इचारायची सोय न्हाय. म्हाताऱ्याच्या वहाणा म्हंजी साऱ्या वस्तीच्या वहाणा!"

मायाप्पा उंबऱ्यावर बसून पुटपुटत होता. केराबाईला ऐकू यावं इतपत मोठ्यानं, आणि तिनं उत्तर द्यायला नको इतपत हळू. वहाण त्याच्या डाव्या पायापासून चार बोटांवर पडली होती.

केराबाईनं तव्यावरची भाकरी उलटली, बसल्या जागेवरून पाय लांब केला आणि अंगठ्यानं वहाण हळूच पुढं ढकलली. वहाणेचा पट्टा त्याच्या करंगळीला लागला.

"हितं हाय व्हय," मायाप्पा म्हणाला. "मांजरानं ओढली आसंल."

"आसंल की," केराबाई म्हणाली.

घरात मांजर नव्हतं. पण गेली दोन वर्षं ते या घरात नांदत होतं. तांब्या लवंडला, मांजर. चंची सापडेना, मांजर. मायाप्पाचा गुडघा बाजेच्या खुराला आपटला तरी आधी मांजर आडवं गेलेलं असायचं.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या उजव्या डोळ्यात भुरकट ठिपका आला. ठिपक्याची साय झाली. मग डाव्या डोळ्यानं उजव्याचं बघून तेच सुरू केलं. मायाप्पा म्हणायचा, धुरानं चुरचुरत्यात. घरच्यांनी धूर मान्य केला. केराबाईनं मडकी, काठी, घोंगडी यांच्या जागा ठरवल्या आणि कुणी त्या हलवल्या तर ती डोळे वटारायला लागली. त्यांचा लेक सिदू रानातून येताना लांबूनच शीळ घालायचा, म्हणजे कोण आलं ते बापाला विचारावं लागू नये. सोलापुरात डोळ्यावरची साय काढून देतात, असं सिदू बाजारातून ऐकून आला होता. पण साय काढायची तर आधी ती आहे असं कुणीतरी म्हणायला पाहिजे. ते कुणी म्हणत नव्हतं.

कारण मायाप्पाची नजर म्हणजे काही साधी नजर नव्हे. होटगी स्टेशनापासून दोन कोसांवर, माळाच्या कडेला सात घरांची ही धनगरवस्ती. तिला कुणी ओळखत नसे, पण मायाप्पाच्या नजरेला दहा गावं ओळखत. कोसभर लांबच्या काळविटाच्या शिंगांचे पीळ तो मोजून सांगतो असं लोक म्हणत. केराबाईला ते तेव्हाही जरा जास्तच वाटे. पण तेवढं ऐकूनच तिच्या बापानं या स्थळाला होकार दिला होता, म्हणून ती गप्प बसे.

त्या नजरेवर सगळ्यात मोठा विश्वास होता तो अण्णारावांचा. अण्णाराव सोलापुरात शुक्रवार पेठेत राहायचे, कापसाची दलाली करायचे. त्यांची वडिलोपार्जित जमीन या माळाला लागून. लहानपणी सुट्टीत आले की मायाप्पाच्या मागं मेंढरांतून हिंडायचे. शीळ घालायला, गोफण फिरवायला त्यानंच शिकवलेलं. मोठ्या लढाईच्या साली त्यांनी बंदूक घेतली आणि तेव्हापासून दर पौषात एक शिकार ठरलेली. एकच, आणि तीही नराची. माद्या-पाडसांवर बंदूक उचलायची नाही, हा मायाप्पाचा नियम.

दुसरा नियम असा, की मायाप्पानं "हाण" म्हटल्याशिवाय घोडा ओढायचा नाही. अण्णारावांनी इतक्या वर्षांत तो एकदाही मोडला नव्हता. समोर काय आहे हे बंदूकवाल्यानं ठरवायचंच नाही. ते मायाप्पा ठरवणार.

शिकारीची रीत मात्र धनगराचीच. हरणं माणसाला पाहिलं की उधळतात, पण मेंढरांना ती शेजारीण समजतात. तेव्हा शंभर मेंढरं माळावर पांगवायची, दोघांनी अंगावर काळी घोंगडी घ्यायची, कमरेत वाकायचं आणि मेंढरांत मेंढरू होऊन, चरत चरत म्हणावं असं, अर्धा दिवस सरकत राहायचं.

गेल्या पौषात या रीतीला एक माणूस जास्तीचं लागलं. केराबाई कळपाबरोबर गेली. "सिदूला कणकण हाय," तिनं सांगितलं. सिदू त्या वेळी घरामागं ठणठणीत बसून सूत कातत होता. कळपात बांडी नावाची एक मेंढी होती, अर्धी काळी, अर्धी पांढरी, गरीब. त्या दिवशी केराबाईनं तिला जेवढ्या शिव्या घातल्या तेवढ्या जन्मात कुणाला घातल्या नव्हत्या.

"बांडे! मावळतीला काय बघतीयास टकामका? त्या धा-बाराजणी बसल्यात त्या काय तुज्या जावा लागत्यात?"

पाचेक पावलं पुढं घोंगडीतून मायाप्पाचा आवाज यायचा, "अण्णा, मावळतीला. धा-बारा हायत."

"काय नजर आहे रे तुझी!" अण्णाराव कुजबुजायचे.

"आन् त्यो काळा बाप्या येकलाच बाभळीखाली हुबा हाय त्याच्याकडं जातीस व्हय गं? लाज न्हाय तुला?"

"नर बाभळीखाली हाय, अण्णा."

बांडी बिचारी मान खाली घालून गवत खात होती. तिनं दिवसभरात कुणाकडंही पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी नर पडला, मायाप्पाचं नाव राहिलं, आणि त्या रात्री केराबाईनं बांडीला मूठभर हुलगे चारले. मायाप्पाला काही कळलं असेल असं तिला वाटलं नाही. त्याचं त्यालाच नजर शाबूत आहे असं वाटतंय, तर वाटू दे. तिला एवढंच हवं होतं.

यंदा मार्गशीर्षात अण्णाराव जोंधळा बघायला आले, तेव्हा टांग्यातून उतरायला त्यांना दोन माणसं लागली. बाजेवर बसले आणि गुडघे चोळत इकडचं तिकडचं बोलत राहिले. मग गुडघ्याकडं न बघता म्हणाले, "मायाप्पा, ते साहेब लोक काय करतात ठाऊक आहे का? पंधरा दिवस एका जागी मका टाकतात. हरणं लागतात तिथं. मग आडोशाला बसून राहायचं. हिंडायला नको, वाकायला नको. मी आपलं ऐकलं ते सांगतो."

केराबाई ताकाचा तांब्या घेऊन आली होती, ती दारातच थांबली. असलंच काहीतरी दहा वर्षांमागं एक मिलवाला पाहुणा बोलला होता. तेव्हा मायाप्पा भर उन्हात उठून उभा राहिला होता. "पंगतीला बसवायचं आन् मागनं काठी घालायची, त्येला आमच्यात शिकार म्हनत न्हाईत," असं म्हणून पाहुण्याला जेवणावरून उठवायचा तेवढा बाकी ठेवला होता. आताही तो भडकणार म्हणून ती वाट बघत राहिली.

मायाप्पानं क्षणभर मान खाली घातली. मग म्हणाला, "टाकू की. मका धाडून द्या."

केराबाईच्या हातातलं ताक हिंदकळलं. तिला त्याच घडीला सगळं लख्ख कळलं. मका एका जागी पडणार, हरणं त्याच जागी येणार. मग शोधायला नको, माग काढायला नको, बघायलाच नको. एकाचे गुडघे गेले, एकाचे डोळे गेले, आणि दोघांची लाज राखायला एक मक्याचं पोतं येणार होतं.

"वहिनी, ताक सांडतंय," अण्णाराव म्हणाले.

"मांजर आडवं आलं," केराबाई म्हणाली.

पोतं आलं. वस्तीच्या उगवतीला एक खळगा होता, काठाला एक वाकडी बाभळ. ती जागा ठरली. घरापासून खळगा एकशेऐंशी पावलं. हे केराबाईला कसं कळलं, तर मायाप्पा ओठांतल्या ओठांत मोजायचा आणि ती मागं दहा हातांवर शेण गोळा करायच्या निमित्तानं चालायची. उन्हं कलली की तो दोन शेर मका पंच्याच्या ओच्यात घ्यायचा, काठी टेकत जायचा आणि खळग्यात उभा राहून चारी बाजूंना फेकायचा. पेरणी करावी तसा. त्याची पाठ सरळ व्हायची. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याला असं एक काम मिळालं होतं जे तो चोख करू शकत होता.

चौथ्या दिवशी हरणं आली. दोघं नवराबायको बाभळीच्या फांद्यांच्या आडोशाला बसली होती. मायाप्पानं तिच्या मनगटावर हात ठेवला.

"ऐक. कुडुम कुडुम वाजतंय. खात्यात."

"व्हय की."

"सात हायत. दोन पाडसं. त्येंचा दात बारका वाजतो."

केराबाईनं फटीतून मोजलं. सात होती. दोन पाडसं. तिनं वळून त्याच्या तोंडाकडं पाहिलं. साय आलेले डोळे कुठंतरी भलतीकडं लागले होते, पण चेहरा लग्नातल्यासारखा हसरा झाला होता. तिला वाटलं, मक्याला उगीच नावं ठेवली आपण.

तिचं हे मत आठ दिवस टिकलं.

आधी मोर आले, मग पारवे, मग रानडुकरं. डुकरांनी एका रात्रीत खळगा नांगरून काढला. हरणं येत होती, पण माद्या आणि पाडसंच. ज्याच्यासाठी हा थाट, तो पीळदार शिंगांचा नर लांब टेकाडावर उभा राहून बायकापोरांना जेवताना बघायचा आणि स्वतः उजेडी खाली उतरायचा नाही. पोटाला दाण्याची चटक लागलेल्या हरणांचं भय मात्र मोडलं. मका संपला की ती माळावर परत जायच्याऐवजी सरळ शेजारच्या कुंडलिकच्या जोंधळ्याच्या रानात शिरायला लागली. पाऊस दोनच सरींचा झाल्यामुळं यंदा जोंधळा आधीच जेमतेम गुडघ्याएवढा. कुंडलिक वस्तीवर येऊन म्हणाला, "मायाप्पा, तुमचं पावनं तुमच्यात नाष्टा करत्यात आन् जेवाय माझ्याकडं येत्यात. जोडीनं राखन करतोय आमी नवराबायको, थंडीत."

 केराबाईनं कुंडलिकला ताक दिलं.

मग खळग्याच्या काठाला एक तरणी हरणी मेलेली सापडली. अंगावर ओरखडा नाही, पोट ढोलासारखं ताठ. मायाप्पा खाली बसला आणि त्यानं त्या पोटावर पालथा हात ठेवला. कोरड्या गवतावर जगणाऱ्या जनावराच्या उपाशी पोटात भसकन दाणा गेला तर पोट चढतं आणि जनावर जातं, हे धनगराच्या पोराला बोबडं बोलायच्या वयात कळतं. आणि त्यालाच विसर पडला होता. विसर तरी कसा म्हणावा? त्याला दुसरं काहीतरी इतकं लपवायचं होतं की त्याच्याआड हेही लपलं.

"बंद करायचं का?" केराबाईनं विचारलं.

"अण्णाला सबूद दिलाय," तो म्हणाला. त्या संध्याकाळी त्यानं मका निम्माच टाकला आणि भाकरी अर्धीच खाल्ली.

तीन दिवसांनी बांडी गेली.

सिदू होटगीच्या बाजाराला गेला होता, केराबाई पाण्याला, मेंढरं मायाप्पाकडं. त्याला कळप राखायला दोन डोळे लागत नसत, कान पुरत. पण बांडी गरीब, मुकाट्यानं चालणारी, तिच्या गळ्यात घंटा नव्हती. ती कधी खळग्याकडं वळली हे कळलं नाही. केराबाई आली तेव्हा ती पाय ताणून पडली होती. तिच्या तोंडात आडवं लाकूड घातलं, तेल पाजलं, दोघांनी तिला धरून चालवलं. दिवस मावळायला तिनं मान टाकली.

सिदू बाजारातून आला, बघून हातातली पिशवी त्यानं खाली आपटली. "पन आबा, ती तुमच्या म्होरनं गेली की! तुमाला दिस..."

तो थांबला. केराबाईनं हातातला तेलाचा बुधला जमिनीवर टेकवला. शेजारच्या झोपडीतून कुणीतरी खोकलं. मायाप्पा मान वर करून त्या तुटलेल्या शब्दाच्या दिशेनं बघत होता. पुढचं अक्षर कोण उच्चारतं याची वाट बघावी तसा.

"तुमाला दिसभर लई काम पडलं," सिदू शेवटी म्हणाला, आणि बाहेर निघून गेला.

केराबाईनं बांडीच्या कानामागं खाजवलं. जिवंत असताना तिथं तिला फार आवडायचं. आता पौषात मी कुणाच्या नावानं ओरडू गं, असं तिच्या मनात आलं, आणि मेंढी मेल्याचं दुःख करायच्या वेळी आपण असला विचार करतो याची तिला लाज वाटली.

आणखी एक गोष्ट फक्त केराबाईला ठाऊक होती. हरणं जेवढा मका खात होती त्याहून जास्त संपत होता. एक दिवस तिनं खळग्याच्या दवानं ओलसर मातीत वाकून पाहिलं. खुरांच्या ठशांत माणसाच्या पायाचे ठसे होते. उजवा पाय सरळ, डावा बाहेरच्या अंगाला फरफटलेला. निंगव्वा.

निंगव्वा अक्कलकोटकडची. नवरा आणि लेक दोघं एकाच तापाच्या साथीत गेले, तेव्हापासून वस्तीच्या शेवटच्या झोपडीत एकटी. निम्मं कानडी निम्मं मराठी बोलायची, कुणाच्या दारात हात पसरायची नाही. यंदा खुरपणी नाही, काढणीला काही नाही. दिवस उजाडायच्या आधी येऊन ती हरणांच्या पुढ्यातले दाणे वेचून नेत होती.

आता एका मानी बाईला, तू जनावरांच्या तोंडचं उचलतेस, असं तोंडावर कसं म्हणायचं? केराबाईनं म्हटलं नाही. ती सकाळी तिच्या दारात भाकरी ठेवून यायला लागली, "जास्तीची झाली" म्हणून. आणि अण्णाराव रविवारी पहाटे बसणार होते, म्हणून तिनं निंगव्वाला आठवडाभर आधी सांगून ठेवलं, "अव्वा, आयतवारी पहाटं माज्याकडं दळायला ये बाई. माजा हात दुकतोय." का, ते सांगितलं नाही. निंगव्वा म्हणाली, "बरतीनी केराव्वा. येते की."

केराबाईला आपल्या हुशारीचं कौतुक वाटलं. न बोलता कामं करायची या घराला अशी सवय जडली होती की बोललं तर चटकन काम होतं हे कुणाच्या ध्यानातच येत नव्हतं.

अण्णाराव शुक्रवारीच संध्याकाळी आले. रविवारी पेठेत कुणाचंसं बारसं निघालं होतं. "उद्या पहाटेच बसू. चालेल ना?" ते म्हणाले. मायाप्पा म्हणाला, "चालतंय की." केराबाई चुलीपुढं होती. अंथरुणं, दूध, पाहुण्यांची भाकरी या गडबडीत निंगव्वाची आठवण तिला झाली ती पहाटे, आडोशाकडं चालताना. तेव्हा दोघं पुरुष पुढं होते, एकाच्या खांद्यावर बंदूक, दुसऱ्याच्या हातात काठी, आणि मागं ती चहाची किटली घेऊन. परत फिरावं तर मायाप्पाला अण्णांपुढं एकट्यानं सोडावं लागणार होतं. आज थंडी आहे, म्हातारी उठणार नाही, असं तिनं स्वतःला सांगितलं.

आडोशात तिघं बसली. अण्णारावांचे गुडघे कटकन वाजले. माळावर पातळ धुकं होतं, दुधात पाणी जास्त झाल्यासारखं. उजेड फुटत होता पण अजून रंग फुटले नव्हते. खळग्यात पलीकडच्या अंगाला चार-पाच माद्या मका खात होत्या. कुडुम कुडुम आवाज येत होता. मायाप्पाची मान जरा तिरकी झाली होती.

मग बाभळीच्या बुडातून काहीतरी खाली उतरलं. सावकाश. मान खाली. पाठ काळी, खाली पोटाशी पांढरं. माद्या दचकल्या नाहीत, थोड्या बाजूला सरकल्या. रोजच्या ओळखीचं होतं ते. मागच्या बाभळीच्या दोन फांद्या धुक्यात त्याच्या डोक्यावर उभ्या राहिल्यासारख्या दिसत होत्या.

 अण्णारावांनी बंदूक सावकाश फटीत सरकवली.

"आला," ते कुजबुजले. "काळा आहे. केवढं धूड! मायाप्पा, मान खाली घातलीय, नीट दिसत नाही. तोच ना रे?"

केराबाई मागून वाकली. दोघांच्या खांद्यांमधून तिला ते दिसलं. ते काळं पुढं सरकलं. उजवा पाय सरळ पडला, डावा बाहेरून फरफटत आला.

काळी घोंगडी. खाली धुऊन विरलेलं पांढरं लुगडं.

 मोठ्यानं ओरडावं तर दचकून अण्णांचं बोट दाबलं जाईल. बांडीला शिव्या घालाव्यात तर बांडी नव्हती, कळप नव्हता, काही निमित्तच नव्हतं. आता फक्त खरं बोलायचं उरलं होतं. दोन वर्षं जपलेलं ते अण्णांच्या समोर, त्याच्या समोर. ती घशात शब्द गोळा करायला लागली.

"बोल की," अण्णाराव म्हणाले. बोट घोड्यावर होतं. "हाणू का?"

मायाप्पा ऐकत होता. त्याच्या कपाळावर आठी होती. माद्यांचे दात वाजत होते, कुडुम कुडुम. पण त्या नव्या जनावराचा दात वाजत नव्हता. ते चावत नव्हतं. दाणे मातीतून उचलले जात होते आणि कशात तरी पडत होते, मऊ आवाज करत, कापडात पडावेत तसे.

"मायाप्पा, जाईल तो. नरच आहे ना? एवढं सांग."

"हाण" म्हटलं असतं तर इतक्या वर्षांची रीत पुरी झाली असती. काही न सांगताही "नगं" म्हणता आलं असतं; "मादी हाय" म्हणता आलं असतं, आणि अण्णाराव नेहमीप्रमाणं म्हणाले असते, काय नजर आहे. केराबाईला वाटलं तो तसंच काहीतरी म्हणेल. तिच्या तोंडून पहिला शब्द निघणार, एवढ्यात मायाप्पाचा हात हवेत चाचपडत पुढं आला. अण्णांच्या दंडाला लागला, दंडावरून बंदुकीच्या नळीवर आला, आणि त्यानं ती नळी सावकाश, झोपलेलं कोकरू खाली ठेवावं तशी, जमिनीकडं वळवली.

खळग्यात निंगव्वानं कमरेवर हात ठेवून पाठ सरळ केली, आणि ओच्यातले दाणे सावरत थंडीनं खोकली. माणसासारखी.

अण्णारावांच्या हातातून बंदूक गळाली. 

"अण्णा," मायाप्पा म्हणाला. तो अण्णांशी बोलत होता, पण त्याचा दुसरा हात मागं केराबाईला शोधत होता. तिनं आपला हात पुढं केला, नेहमीप्रमाणं, त्याला शोधावं लागू नये म्हणून. "मला दिसत न्हाय. दोन वर्सं झाली. बांडीला शिव्या हिनं कुणासाठनं घातल्या, ते मला तवाच ठावं हुतं."